वाईजवळ वाडा पद्धतीचं घर बांधायचंय, पण वीजबिल कमी येईल असं. सल्ला हवा

पसरणीचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. वाईजवळ सहा गुंठ्यांचा प्लॉट आहे. रस्ता पूर्वेला, पश्चिमेला पाचगणीचा डोंगर, दक्षिणेला शेजाऱ्याचं दुमजली घर, उत्तरेला सध्या ऊस. घरात आम्ही सहा जण: आई-बाबा, आम्ही दोघं, दोन मुलं. बायकोला चौक हवा, बाबांना ओसरी हवी आणि मला एसी न लावता एप्रिल-मे काढता येईल असं घर हवं.

पुण्याच्या एका आर्किटेक्टकडून थ्रीडी चित्रं करून घेतली. चित्रात सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडासारखे निमुळते, खांब आहेत (फायबरचे), महिरपी आहेत (पीओपीच्या), चौकावर काचेचं छप्पर आहे आणि चार खोल्यांत चार एसी. चित्र देखणं आहे, यात वाद नाही. पण मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात भर उन्हाळ्यात दुपारी जाऊन उभं राहिलं की जो गारवा लागतो, तो या चित्रातून कसा येणार ते कळेना. तिथे तर ना पंखा, ना एसी.

प्रश्न असे: चौक खरंच उपयोगाचा आहे की नुसती हौस? भिंती दगडाच्या, विटेच्या की त्या पांढऱ्या हलक्या एएसी ब्लॉकच्या? वर कौलं की स्लॅब? जाणकारांनी लिहावं. हौशींनीही लिहावं.

नुसता_वाचक

काच लावलेला चौक म्हणजे ढोबळी मिरचीचं पॉलिहाऊस. आई-बाबांना त्यात बसवू नका एवढंच सांगतो.

चुनाभट्टी

जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

मेणवलीचा वाडा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, सहा चौकांचा, मागे कृष्णेचा घाट. तिथला गारवा खांबांमुळे नाही आणि महिरपींमुळे तर नाहीच. खालच्या मजल्याच्या भिंती हातभर-दोन हात जाड, वर दुसरा मजला, त्याच्यावर पोटमाळा आणि मग कौलं. म्हणजे सूर्य आणि तुम्ही यांच्यामध्ये तीन थर झाले. शिवाय भिंतीला सगळीकडे ओसरीची सावली, ऊन थेट भिंतीवर पडतच नाही. हे सगळं सोडून फायबरचा खांब लावला तर तो वाडा लग्नाच्या हॉलच्या दारात शोभेल.

आता चौकाचं. वाईतल्या, साताऱ्यातल्या पेठांमध्ये वाडे एकमेकांना खेटून उभे. शेजाऱ्याची आणि आपली भिंत एकच. तिन्ही बाजूंना खिडकी काढायची सोय नाही, त्यात चोरा-दरोडेखोरांची भीती, त्यामुळे बाहेरून घर बंद आणि उजेड-वारा सगळा मधून. चौक ही तेव्हाची गरज होती. तुमच्या प्लॉटला चारी बाजूंनी मोकळी जागा सोडावीच लागणार आहे, नियमच आहे तसा. मग बाहेर रिकामी पट्टी आणि आत रिकामा चौक, अशी दोन्हीकडे जागा जाते आणि उन्हाला तोंड देणाऱ्या भिंती दुप्पट होतात. म्हणून आधी ठरवा, चौक कशासाठी हवा?

हवाच असेल तर तो अरुंद ठेवा. भोवतालच्या भिंतीची उंची जेवढी, त्याहून रुंदी जास्त नको. दुमजली वाड्यातला चौक सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत सावलीत असतो. रात्री कौलं आणि फरशी आभाळाकडे उष्णता टाकून गार होतात, ती गार हवा जड असल्यामुळे चौकात उतरते आणि उशिरापर्यंत तिथेच बसते. एकमजली घराला वीस फुटी चौक केला तर तो चौक राहत नाही, मागचं अंगण होतं. अकरा वाजता फरशी तापते आणि ती झळ सगळ्या खोल्यांत जाते.

आणि एक. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर. त्या आठवड्यात कुठलाही चौक तासभर तापणारच. जुनी माणसं त्यावर पाणी शिंपडत आणि दारं लोटून घेत. ते सोपस्कार करायची तयारी हवी.

कृष्णाकाठ

मी सांगलीची, बालपण वाड्यात गेलं. सगळे वाड्याचे गोडवे गातात तेव्हा मला माजघर आठवतं. दिवसा बारा वाजता तांदळातले खडे दिसायचे नाहीत. आजी दाराशी येऊन निवडायची. गार होतं, कबूल, पण गार आणि अंधार एकत्रच यायचे. दिवाणखान्याला मोठ्या खिडक्या, सज्जा, वारा. स्वयंपाकघर मात्र मागे, धुराचं, ओलीचं. तो गारवा कुणाच्या वाट्याला येत होता ते बघून मग नक्कल करा.

सारवणाची जमीन ज्यांना हवी त्यांनी स्वतः सारवावी. पसरणीकर, तुमच्या बायकोला चौक हवाय, तर तो झाडायचा कुणी हेही आत्ताच ठरवून टाका. चेष्टा नाही. आमच्या चौकात पावसाळाभर शेवाळ असायचं आणि काकू त्यावर घसरून पडली होती.

आणि स्वयंपाकघर आग्नेयेला वगैरे ठीक, पण त्याला पूर्वेची मोठी खिडकी आणि वर धुराला वाट आधी काढा. घरातली सगळ्यात जास्त उष्णता आत तयार होते ती तिथेच.

पसरणीचा_पाहुणा

कृष्णाकाठताई, बायकोला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, "या बाईंचा नंबर मिळेल का?"

चुनाभट्टी, मग चौक इंग्रजी यू अक्षरासारखा केला तर? तीन बाजूंनी घर आणि एक बाजू उघडी?

चुनाभट्टी

उत्तम. उघडी बाजू उत्तरेला किंवा पूर्वेला ठेवा, पश्चिमेला नको.

माणदेशी_गडी

वाई-मेणवलीचं कौतुक झालं आसंल तर आमच्याकडं बी बघा की राव. माण-खटावात वाडं कमी, धाब्याची घरं जास्त. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तिकडं महाबळेश्वराला साडेपाच-सहा हजार. एकाच जिल्ह्यात. मग घराचं छप्पर एकसारखं कसं आसंल? आमच्या आज्ज्याच्या घरावर लाकडं, त्यावर चिपाडं आणि पाला, त्यावर पांढऱ्या मातीचा फूट-दीड फूट थर. दरसाल पावसाच्या आधी माती टाकायची, पाण्याला ढाळ द्यायचा. दुपारी दोनला आत घोंगडं पांघरून झोपलेला माणूस बघितलाय मी, मे महिन्यात.

आता तिथंच स्लॅब टाकलाय. दुपारी चार ते रात्री बारा आत कुणी बसत न्हाई. समदी अंगणात.

जोतं_आणि_खांब

धाब्याच्या घराचा गारवा खरा आहे, पण त्याचा हिशोब ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला चुकवावा लागला. डोक्यावर काही टन माती आणि खाली चिखलात रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती. हादऱ्याला भिंतीचे आतले आणि बाहेरचे पदर सुटे झाले आणि छत खाली आलं. भूकंप सहाच्या थोडा वरचा होता, एवढ्या बळींना कारण घरं होती.

आपलाही भाग काही निर्धास्त नाही. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सातारकरांना सांगायला नको, पाटण-कोयना पट्ट्यात अजून अधूनमधून हादरे बसतात. त्यामुळे "दोन फुटी दगडी भिंत बांधू, गार राहील" हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

जुन्या चांगल्या वाड्यात भार बहुतेक लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर असायचा. खांब तळखड्यावर (दगडी बैठकीवर) उभे, सांधे कुसवातले (खाचेत बसवलेले), भिंत म्हणजे मधली भर. सांगाडा हलायचा, कुरकुरायचा, पण एकदम कोसळायचा नाही. आज तो सांगाडा आरसीसीचा करा आणि भर कशाचीही घाला. किंवा भारवाहू भिंतीच करायच्या असतील तर जोत्याला, खिडकीच्या डोक्यावर आणि छताखाली असे आडवे काँक्रीटचे पट्टे, कोपऱ्यात उभ्या सळ्या, आणि दगडी काम असेल तर भिंतीच्या आरपार जाणारे दगड ठरावीक अंतराने. आयएस ४३२६ आणि आयएस १३८२८ ही भूकंपरोधक बांधकामाची दोन मानकं तुमच्या इंजिनिअरला वाचायला सांगा. वाचली असतील तर चांगलंच.

नुसता_वाचक

पोटात गोळा आला म्हणताय आणि उत्तर मात्र एकदम थंड डोक्याने. धन्यवाद.

अर्धा_युनिट

दगडाबद्दल एक गैरसमज सगळ्यांच्याच लिहिण्यात दिसतोय, तो काढतो. दगड उष्णता अडवत नाही. काळा पाषाण उष्णतेचा चांगला वाहक आहे, तो फक्त ती उशिरा आत देतो. दीड-दोन फुटी भिंतीला दुपारी बसलेली झळ आत पोचायला दहा-बारा तास लागतात. नऊ इंची विटेच्या भिंतीला सहा-सात तास, चार-पाच इंची स्लॅबला तीनेक तास. माणदेशीभाऊंच्या घरी चारला सुरू होतो तो हाच ताप.

आता गंमत बघा. पश्चिमेच्या दगडी भिंतीवर चार वाजता ऊन पडलं तर ते आत येणार पहाटे तीनला. तोपर्यंत बाहेर गार झालेलं असतं, खिडक्या उघड्या असतील तर ती उष्णता बाहेर निघून जाते. साताऱ्यात उन्हाळ्यात दिवस ३८-३९ आणि रात्र २२-२४ असं अंतर पडतं, म्हणून इथे जाड भिंत चालते. मुंबईत रात्रही गार होत नाही, तिथे हाच वाडा भट्टी होईल. पण खिडक्या रात्री उघड्या ठेवायच्या आणि सकाळी आठ-नऊला घट्ट बंद करायच्या, हे पाळलं तरच. आपण नेमकं उलटं करतो. दुपारी वारा यावा म्हणून उघडतो आणि रात्री डास-चोरांमुळे लावून घेतो.

एएसी ब्लॉक बरोब्बर दुसऱ्या टोकाला. तो उष्णता अडवतो. आठ इंची एएसीची भिंत नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा निम्म्याहूनही कमी उष्णता आत सोडते. पण त्याच्यात उष्णतेचा साठा होत नाही. दिवसभर कुणी नसलेल्या आणि रात्री एसी लावणाऱ्या घराला तो बरा. तुमचे आई-बाबा दिवसभर घरी असणार, एसी नको म्हणताय, मग आत जड भिंत आणि बाहेरून तिला सावली किंवा पोकळी, हे जमवा.

चुनाभट्टी

पोकळी म्हणालात म्हणून. आर्किटेक्ट लॉरी बेकरांनी केरळात रुजवलेली रॅट-ट्रॅप पद्धत इथे चपखल बसते. विटा उभ्या कडेवर रचायच्या, नऊ इंची भिंतीच्या मध्ये तीनेक इंचांची पोकळी राहते, विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात आणि झळ कमी लागते. त्यासाठी विटेच्या कडा सरळ हव्यात. आपल्याकडच्या भट्टीच्या वाकड्या विटा आल्या की गवंडी दुसऱ्या दिवशी येत नाही. कोपऱ्यात आणि चौकटीशेजारी पोकळी भरून सळ्या घालता येतात, म्हणजे वरच्या इंजिनिअर साहेबांचंही समाधान.

दगड घाला, पण जोत्याला. घडीव काळ्या दगडाचं अडीच-तीन फुटी जोतं, त्यावर वीट. वाड्याचं निम्मं रूप तिथेच येतं, ओल वर चढत नाही, आणि भूकंपात डोक्यावर पडायला दगड नसतो.

पसरणीचा_पाहुणा

हे आवडलं. आता पश्चिमेचा प्रश्न. वारा पश्चिमेकडून येतो, ऊनही पश्चिमेकडून येतं. एक हवं, एक नको. डोंगरामुळे सूर्य जरा लवकर जातो, पण चार-पाचचं ऊन चुकत नाही.

अर्धा_युनिट

दक्षिणेचं सोपं आहे म्हणून आधी ते उरकतो. आपण साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरात दुपारी बाराला सूर्य दक्षिणेला ४९ अंशांवर, २१ मार्चच्या सुमारास ७२ वर. खिडकी चार फूट उंच, तिच्या लगेच वर दोन फुटी छज्जा. मार्चमध्ये सावली सहा फुटांपर्यंत उतरते, म्हणजे खिडकी पूर्ण झाकली. डिसेंबरात सव्वादोन फुटांवर थांबते, खालून ऊन आत येतं, जे थंडीत हवंच असतं. पण तुमच्या दक्षिणेला शेजाऱ्याचं दुमजली घर आहे, ते डिसेंबरचं ऊन आधीच खाणार. किती खातं ते डिसेंबरात दुपारी प्लॉटवर उभं राहून बघा. आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला झुकलेला असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा हवा. लोक हे विसरतात.

पश्चिमेला छज्ज्याचा उपयोग नाही, सूर्य खालून घुसतो. तिथे खोलीच ठेवू नका. जिना, न्हाणीघर, कोठीची खोली, कपडे धुवायची जागा पश्चिमेला टाका. वाऱ्यासाठी त्यांच्यामधून एक बोळ किंवा पडवी काढा, तिला झापड किंवा बांबूचा चिक. वारा आत यायची जागा खाली आणि लहान, बाहेर जायची वर आणि मोठी. जुन्या वाड्यांत माथ्यावर झरोके असायचे, ते गरम हवेची बाहेर जायची वाट म्हणून. आता सगळे त्यात काच बसवतात.

कृष्णाकाठ

डासांच्या जाळीने वारा बराच अडतो, हे धरून खिडकी मोठी करा. आमच्याकडे जाळी लावल्यावर पंखा एक नंबर वर गेला.

जोतं_आणि_खांब

विषयांतर, पण धागा वाचणाऱ्या सांगलीकरांसाठी आवश्यक. हे जोतं-वीट वगैरे वाईच्या मुरमाड जमिनीला ठीक. सांगली-मिरजेकडे खोल काळी माती आहे, ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जड भारवाहू भिंतीचा पाया तिच्यावर ठेवला की दोन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग. मुरूम लागेपर्यंत खाली जा किंवा अंडर-रीम्ड पाइल (खालचं टोक फुगवलेले काँक्रीटचे खांब) करा. माती तपासून घ्या, तो खर्च चौकातल्या नक्षीपेक्षा कमी आहे.

दुसरं, पूररेषा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल असा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. निळ्याच्या आत बांधूच नका. मधल्या पट्ट्यात परवानगी मिळालीच तर जोतं लाल रेषेच्या वर.

कृष्णाकाठ

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं पाणी. मातीच्या भिंतींची घरं नुसती बसली, वरचं छप्पर जमिनीवर. आमच्या जुन्या वाड्याच्या चुन्यातल्या भिंती पाणी उतरल्यावर महिना-दीड महिन्यात सुकल्या. एका काकांनी मागे त्यांच्या भागात सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, तिथे ओल अजून आहे. आतून पोपडे.

थोडं आणखी विषयांतर. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल. वर्षानुवर्षं हळद टिकायची, कीड नाही, कारण खाली ऊन-थंडी पोचतच नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि मग फार थोडी उरली. जमिनीचा गारवा घरात आणायचे पाइप वगैरे लोक टाकतात ना हल्ली, ते ऐकलं की मला पेव आठवतं.

अर्धा_युनिट

तत्त्व तेच. दहा-बारा फुटांखाली जमिनीचं तापमान वर्षभर पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास राहतं. पण वाईत तेवढं खणायचं म्हणजे कातळाला ब्रेकर लावायचा. आणि पावसाळ्यात त्या पाइपात दमट हवा जाऊन बुरशीचा वास घरभर. सहा माणसांच्या घरासाठी तो उपद्व्याप नको. तेवढ्या पैशात छप्पर नीट करा.

पसरणीचा_पाहुणा

छपरावरच यायचं होतं. कौलं की स्लॅब?

चुनाभट्टी

नुसती कौलं म्हणाल तर स्लॅबइतकीच वाईट, फक्त लवकर तापतात आणि लवकर निवतात. वाड्यात कौलांखाली पोटमाळा असायचा, आणि पोटमाळ्याची जमीन म्हणजे तक्तपोशी (लाकडी फळ्यांची), तिच्यावर मातीचा-चुन्याचा चांगला थर. मधली हवा आढ्याजवळच्या फटीतून निघून जायची. ती व्यवस्था जशीच्या तशी उचला: खाली स्लॅब, वर तीन-चार फूट उंचीचा हवा खेळणारा पोटमाळा, वर लोखंडी किंवा लाकडी सांगाड्यावर मंगलोरी कौलं. स्लॅबमध्येच जुनी कौलं भरून फिलर स्लॅब केला तर काँक्रीटही वाचतं आणि खालून दिसायला सुरेख. दोन्ही टोकांना त्रिकोणी भिंतीत जाळीदार झरोके ठेवा, पक्ष्यांसाठी आतून बारीक जाळी.

ज्यांना कौलं परवडत नाहीत त्यांनी निदान स्लॅबवर पांढऱ्या तुकड्यांची फरशी किंवा पांढरा रंग द्यावा. चुना आणि फेविकॉलचा हात दरवर्षी मारला तरी खालच्या खोलीत फरक कळतो.

अर्धा_युनिट

२०१८ च्या इको निवास संहितेत छपराची उष्णता-वाहकता, म्हणजे यू-व्हॅल्यू, १.२ च्या आत असावी असं आहे. उघडा स्लॅब साडेतीनच्या आसपास असतो. म्हणजे आपली बहुतेक घरं तिप्पट गळकी, उष्णतेच्या बाबतीत. ती संहिता पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटसाठी आहे, तुमचे सहा गुंठे सहाशेच्या वर जातात. बंधन आहे का ते विचारून घ्या, आणि हा आकडाही आर्किटेक्टला विचारा. उत्तर आलं नाही तर ते चार एसी का दाखवलेत ते कळेल.

आता वीज. सौर पॅनल कौलांवर लावू नका, गळती कुठून होतेय ते आयुष्यात सापडणार नाही आणि वाड्याचं रूपही जातं. न्हाणीघर आणि कोठीवर सपाट स्लॅब ठेवा, तीनशे चौरस फूट, तिथे तीन किलोवॅट बसतात. शेजाऱ्याची सावली तिथे पडते का, ते आधी बघा. दिवसाला सरासरी बारा युनिटच्या आसपास मिळतात, पावसाळ्यात कमी. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० अनुदान आहे. पण आधी गरज कमी करा. सहा जुने पंखे बारा तास चालले तर दिवसाला ५.४ युनिट. तेच बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे असतील तर सव्वादोन. त्यासाठी कुठला वाडा बांधायला नको, आजच बदला.

माणदेशी_गडी

लाकडाचं कुणी बोललंच न्हाई. सागवानाचा भाव ऐकून वाडा फोटोतच बरा वाटतो.

चुनाभट्टी

नवं सागवान घेऊच नका. पाडलेल्या वाड्यांचं लाकूड विकणारे व्यापारी पुण्या-कोल्हापूरकडे आहेत. शंभर-दीडशे वर्षं मुरलेलं लाकूड वळत नाही. घेताना टोकं बघा. भिंतीत पुरलेली टोकंच कुजलेली असतात, तिथे पेचकस टोचून पाहा, सहज आत गेला तर दोन फूट कापून टाकायचे असं धरून भाव करा. खिळे काढून देणार का तेही विचारा, नाहीतर सुताराची करवत जाते आणि तुमचं त्याच्याशी भांडण होतं. लाकूड ओसरी आणि चौकाभोवती वापरा, जिथे हात लागतो आणि डोळा जातो. घरभर नको.

पसरणीचा_पाहुणा

सगळ्यांचं वाचून घरी दोन संध्याकाळ कागदावर रेघोट्या मारल्या. आता असं ठरतंय: यू आकार, उघडी बाजू उत्तरेला. चौक दहा बाय बारा, वर काच नाही. पूर्वेला ओसरी आणि बाबांची खोली, आग्नेयेला स्वयंपाकघर, पूर्वेची मोठी खिडकी. पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठी. दगडी जोतं, आरसीसी सांगाडा, मध्ये पोकळी ठेवून रचलेल्या (रॅट-ट्रॅप) विटा, आतून चुन्याचा गिलावा. वर फिलर स्लॅब आणि कौलं. फायबरचे खांब रद्द. आर्किटेक्ट म्हणाले, "मग यात वाडा कुठे दिसतो?" बाबा म्हणाले, "ओसरीवर बसल्यावर दिसेल."

एक अडचण. चौकात आतल्या उतारांचं सगळं पाणी येणार. ते तुंबेल का?

जोतं_आणि_खांब

हिशोब करू. आतल्या बाजूला उतरणारं छप्पर आणि चौक मिळून नव्वद चौरस मीटर धरा. जोराच्या सरीत तासाला पन्नास मिलिमीटर पडलं तर साडेचार हजार लिटर. चार इंची पाइप एवढं सहज नेतो, पण पहिल्या पावसात पानं आणि कौलांवरची माती येते आणि जाळी बसते. म्हणून सहा इंची ठेवा आणि उघड्या उत्तर बाजूला फरशीच्या पातळीत दुसरी मोकळी वाट ठेवा. चौक ओसरीपेक्षा फूटभर तरी खाली. पागोळ्या जिथे पडतात तिथे खडबडीत दगडाची पट्टी, गुळगुळीत कोटा नको, नाहीतर कृष्णाकाठताईंच्या काकूंसारखं होईल.

पाणी सोडून देऊ नका. शंभर चौरस मीटर छप्पर आणि वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस धरला तर ऐंशी हजार लिटर हाती लागतं. पहिल्या सरींचं बाहेर काढून बाकीचं गाळून हौदात. हौदाला घट्ट झाकण, नाहीतर डेंग्यू.

कृष्णाकाठ

आणि तुळस चौकाच्या मधोमध नको, कडेला घ्या. मध्ये ठेवली की मुलं खेळत नाहीत आणि वाळवणं घालता येत नाहीत.

पसरणीचा_पाहुणा

नोंद केली. चुना कुणाकडून घ्यायचा आणि किती दिवस मुरवायचा? गवंडी म्हणतो, "तयार पोत्यातला आणा, लगेच मारू."

चुनाभट्टी

त्याला मारू देऊ नका. कळीचा चुना आणा, पाण्यात विरवा. विरताना पाणी उकळतं, मुलांना लांब ठेवा आणि डोळ्यांना चष्मा लावा. मग चाळून निदान महिनाभर पाण्याखाली ठेवा, जितका जुना तितका मऊ. गिलाव्याला त्यात वाळू आणि सुरखी (विटेची भुकटी). जाड एकच थर देऊ नका, पातळ दोन-तीन, प्रत्येक थर ओलसर ठेवून हळू वाळवायचा. उन्हाळ्यात केला तर गोणपाट टांगून रोज भिजवावं लागेल. दिवाळीनंतर सुरू करा. आधी न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर चार बाय चार फुटांचा नमुना करून घ्या आणि गवंड्याला त्याचे वेगळे पैसे द्या. नखाने ओरखडा ओढून पावडर निघाली तर मिश्रण बदला.

पसरणीचा_पाहुणा

कळीचा चुना कुठे मिळतो ते व्यक्तिगत निरोपात कळवा. गवंड्याला रविवारी बोलावलंय.